चाक थांबले की भार कोणाचा?

मालवाहू गाड्या चालवणारे बंधू इमामाला सहसा दोन प्रश्न विचारतात. प्रवासात नमाज कसर केव्हा करावी, आणि लांबच्या फेरीवर रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो का. या दोन्हींची उत्तरे फिकहच्या ग्रंथांत तयार आहेत. अलीकडे मात्र तिसरा एक प्रश्न वारंवार कानावर येतो. दहा-बारा वर्षे दुसऱ्याच्या ट्रकवर पगारी चालक म्हणून राबलेला माणूस म्हणतो, "मौलाना, आता स्वतःच्या हिमतीवर धंदा करायचा आहे. गाडी हप्त्यावर विकत घेऊ, की कुणाची तरी मक्त्याने घेऊन चालवू?"

या प्रश्नाला ट्रक अड्ड्यावर एक ठरलेले उत्तर मिळते. भाडे म्हणजे वाहून गेलेले पाणी, हप्ता म्हणजे साठवलेले पाणी. पाच वर्षे भाडे भरले तर हाती काही उरत नाही; पाच वर्षे हप्ते भरले तर गाडी आपली होते. ऐकायला हे बिनतोड वाटते. शिवाय काचेवर मुलांची नावे रंगवलेली गाडी, आणि गावात 'मालक' म्हणून होणारी ओळख, यांचा मोह लहान नसतो. तो मोह वाईट आहे असे मी म्हणत नाही. हलाल मार्गाने मालमत्ता मिळवणे ही शरीअतच्या दृष्टीने दूषणावह गोष्ट नाही. परंतु या उत्तरात एक प्रश्न विचारलाच जात नाही, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. गाडी चालू असताना कोणाला किती मिळते, हे सगळेच मोजतात. गाडी थांबल्यावर कोणावर किती पडते, हे कोण मोजतो?

आधी एवढे स्पष्ट करू या की खरेदी आणि भाडे हे दोन्ही व्यवहार मुळात निर्दोष आहेत. हिजरतचा प्रसंग आठवा. हजरत अबूबक्र (रजि.) यांनी दोन उंटिणी महिनोन्महिने चारा घालून त्या प्रवासासाठी तयार ठेवल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी प्रेषितांना (स.) देऊ केली, तेव्हा प्रेषितांनी ती किंमत देऊनच घेण्याचा आग्रह धरला. त्याच प्रवासासाठी वाटाड्या मात्र मजुरीने ठरवला होता. त्याचे नाव अब्दुल्लाह बिन उरैकित, आणि तो त्या वेळी मुस्लिमही नव्हता. वाहन विकत, वाट दाखवणारा रोजाने. इस्लामच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रवास या दोन्ही व्यवहारांच्या आधाराने झाला. कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांनी मदयनमध्ये आठ किंवा दहा वर्षांच्या चाकरीचा करार केल्याचा उल्लेख आहे. तेव्हा दुसऱ्याच्या मालकीच्या साधनावर राबण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

फरक आहे तो जबाबदारीचा. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये असा खटला आहे : एकाने गुलाम विकत घेतला, काही काळ त्याच्याकडून काम करून घेतले, मग त्याच्यात दोष आढळला म्हणून परत केला. विकणारा म्हणू लागला, मधल्या काळात याने जे उत्पन्न घेतले ते मला मिळाले पाहिजे. प्रेषितांनी (स.) निवाडा दिला की ज्याच्या शिरावर वस्तूची जोखीम होती, उत्पन्नही त्याचेच. फुकहांनी या निवाड्यावर व्यवहारशास्त्राचा केवढा तरी मोठा भाग उभारला. जोखमीसाठी अरबीत जो शब्द आहे, त्याच धातूपासून आपला मराठी 'जामीन' आला आहे, हे भाषेच्या अभ्यासकाला माहीत असते. वस्तूला जो जामीन, त्यालाच तिच्यातून मिळवण्याचा हक्क. ज्याने जोखीम उचलली नाही, त्याने नफा मागू नये.

आता ही कसोटी ट्रकला लावून पाहा.

तुम्ही गाडी रोख पैशाने विकत घेतली, तर खंबाटकी घाटात गिअरबॉक्स गेला किंवा आग लागून गाडी जळाली, नुकसान तुमचे. तसेच लासलगावचा कांदा उत्तरेत वेळेवर पोहोचवून परतीचे भाडेही चांगले मिळाले, तर तो नफाही तुमचा. यात अन्याय नाही. तुम्ही गाडी खऱ्या अर्थाने भाड्याने घेतली, तर इंजिन बसले असता ते उभे करणे मालकाचे काम. गाडी दुरुस्तीला बारा दिवस उभी राहिली, तर त्या बारा दिवसांचे भाडे मालकाने मागता कामा नये. हनफी ग्रंथांत पाणचक्कीचे उदाहरण दिले जाते. चक्की भाड्याने घेतली आणि तिचे पाणीच तुटले, तर भाडेकरार टिकत नाही. भाडे हे वस्तूच्या उपयोगाचे मोल आहे. उपयोगच होऊ शकला नाही तर मोल कशाचे? इथेही अन्याय नाही. मालक भाडे खातो, कारण गाडी नादुरुस्त होण्याची, जुनी होण्याची, जळण्याची जोखीम त्याने घेतली आहे.

तिसरा प्रकार व्याजी कर्जाचा. इथे फायनान्स देणारा गाडीचा मालक नाही आणि गाडीच्या सुखदुःखाशी त्याचे नातेही नाही. आर.सी. पुस्तकावर त्याचा बोजा आहे, म्हणजे गाडी ओढून नेण्याचा हक्क आहे. पण गाडी घाटात बंद पडली तर तो भार त्याचा नाही. चाक फिरो वा थांबो, त्याचा आकडा वाढत राहतो. बकरा सूरहमध्ये अशा लोकांचा उल्लेख आहे, जे म्हणत की व्यापार आणि व्याज सारखेच. वरवर पाहता ते खोटेही वाटत नाही, कारण दोन्हीकडे पैसे देऊन जास्त पैसे घेतले जातात. अल्लाहने एक हलाल केले आणि दुसरे हराम, आणि त्यामागे शहाणपण कोणते हे ज्याने बंद पडलेल्या ट्रकच्या चाकापाशी बसून हप्त्याची तारीख मोजली आहे, त्याला भाष्याची गरज पडत नाही.

मराठीच्या वर्गात अलंकार शिकताना 'व्याजस्तुती' हा शब्द भेटतो. तिथे व्याज म्हणजे मिष, बतावणी. स्तुतीच्या मिषाने निंदा, निंदेच्या मिषाने स्तुती. संस्कृतातला तो शब्द आपल्या व्यवहारात सावकारीसाठी रुळला. त्याची शास्त्रीय व्युत्पत्ती विद्वानांनी पाहावी. मला मात्र तो शब्द त्या जागी अगदी चपखल वाटतो.

बतावणी कशी असते तेही पाहू. जुनी गाडी घेणाऱ्याला सांगतात, "फक्त आठ टक्के, फ्लॅट." समजा १० लाख रुपये ४ वर्षांसाठी घेतले. वर्षाला ८० हजार, चार वर्षांचे ३ लाख २० हजार. एकूण १३ लाख २० हजार. महिन्याचा हप्ता २७,५०० रुपये. हिशेब साधा वाटतो. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण १० लाखांवर धरलेले असते. उरलेल्या मुद्दलावर मोजले तर हाच दर वर्षाला १४ टक्क्यांच्या पुढे जातो. व्याज हराम आहे हा मुद्दा घडीभर बाजूला ठेवला, तरी कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यांतली ही तफावत प्रत्येक चालकाने समजून घ्यावी अशी आहे.

२०२० ची टाळेबंदी आठवा. मार्चअखेरीस गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, ती ऑगस्टअखेरपर्यंत चालली. सवलत हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. उभ्या गाडीवर व्याज चढत राहिले आणि त्या व्याजावरही व्याज. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ मार्च २०२१ रोजी निकाल आला की सवलतीच्या काळातले व्याजावरचे व्याज घेता येणार नाही. मूळ व्याज कायम राहिले. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठालाही व्याजावरचे व्याज त्या परिस्थितीत खटकले, ही नोंद घेण्यासारखी आहे. कुरआनचा आदेश याहून पुढे जातो : कर्जदार अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत त्याला मुदत द्यावी, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले. मुदतीचे मोल मागावे असे त्यात कुठेही नाही.

इथे जाणता वाचक म्हणेल, मग भाड्याचाच मार्ग सांगा आणि विषय संपवा. विषय इतक्यात संपत नाही, कारण भाड्याच्या नावाखाली कर्जच दिले जाते. 'भाडेपट्टा' असे शीर्षक असलेला कागद पुढे येतो. आत वाचले तर विमा तुमचा, इंजिन तुमचे, अपघात तुमचा, गाडी जळाली तरी उरलेले सर्व भाडे तुमच्याकडूनच वसूल. म्हणजे जोखीम सारी भाडेकरूची आणि मालकाकडे केवळ वसुली. आपला मोटार वाहन कायदा, १९८८, भाडे-खरेदी, भाडेपट्टा किंवा तारण करारातल्या गाडीचा 'मालक' म्हणून त्या कराराखाली गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच धरतो. अपघातात जखमी झालेल्याला भरपाई कोणाकडे मागायची हे कळावे, म्हणून ती व्याख्या समजण्यासारखी आहे. पण कागदावर सही करणाऱ्याला हे आधी ठाऊक हवे की ज्याच्याकडून गाडी घेतली तो बाजूला होईल आणि नोटीस याच्या नावाने येईल. शेवटी गाडी चालकाच्याच नावे व्हावी अशा भाडेपट्ट्यांचा विचार आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० साली रियाधच्या अधिवेशनात केला. भाड्याचा करार आणि मालकी देण्याचा करार वेगळे असावेत, वस्तूच्या नाशाची जोखीम आणि विम्याचा भार भाड्याच्या काळात मालकावर असावा, नेहमीची देखभाल सोडून मोठी दुरुस्ती त्याचीच असावी, असे तिथे ठरले. एवढी तीन कलमे घेऊन कोणताही भाडेपट्टा वाचा. तो भाडे आहे की वेष बदललेले व्याज, हे कळायला मुफ्तींकडे जाण्याचीही बहुधा गरज पडणार नाही.

एकट्या चालकासमोर अशा मोठ्या कंपन्यांचे भाडेपट्टे क्वचितच येतात. त्याच्यासमोर असतो गावातला गाडीमालक, जो म्हणतो, "महिन्याला इतके दे आणि चालव," किंवा "भाड्यात निम्मे-निम्मे करू." पहिल्यात अडचण नाही, फक्त कोणती दुरुस्ती कोणाची आणि टायर कोणाचे हे लिहून ठेवा, निम्मी भांडणे टायरवरून होतात. दुसऱ्याबद्दल मतभेद आहे. हनफी फुकहांना मोबदला आधीच ठरलेला हवा असतो, म्हणून वाहन देऊन उत्पन्नात वाटा घेण्याची ही पद्धत ते योग्य धरत नाहीत. इमाम अहमद (रह.) यांच्या मते ती चालते, शेत वाट्याने कसायला द्यावे तसे. कोकणातले आपले बांधव शाफई आहेत, घाटावरचे बहुतेक हनफी. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. माझा कल ठरलेल्या भाड्याकडे आहे. भाडे ठरलेले असले म्हणजे प्रत्येक फेरीच्या बिल्टीवरून संशय घ्यायला जागा राहत नाही.

जुन्या ग्रंथांत भाड्याच्या जनावराबद्दल जे लिहिले आहे, ते वाचताना कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभे असल्यासारखे वाटते. ठरावीक मापाचा गहू लादण्यासाठी जनावर घेतले असेल, तर तेवढ्याच मापाचे जव लादता येतील, कारण त्यांचा त्रास जास्त नाही. लोखंड लादता येणार नाही, कारण वजन तेच असले तरी ते पाठीला जाचते. ठरल्याहून जास्त लादले आणि जनावर मेले, तर जास्तीच्या प्रमाणात भरपाई. क्षमतेपेक्षा अधिक माल भरण्याचा प्रश्न आमच्या फुकहांना शेकडो वर्षांपूर्वी पडला होता. आणि त्याचा संबंध आपल्या मूळ प्रश्नाशी आहे. ज्याच्या डोक्यावर महिन्याच्या ठरावीक तारखेचा हप्ता असतो, त्याला तीन टन जास्तीचा माल नाकारता येत नाही. सलग दुसरी रात्र गाडी हाकायची वेळ आली तर नाही म्हणता येत नाही. मालात काय आहे हे विचारण्याचे धैर्यही हळूहळू उरत नाही. गुटख्याच्या गोण्यांवर दुसऱ्याच मालाचे नाव असते, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे हे चालकालाच पोलीस ठाण्यात आठवते. कर्जापासून प्रेषित (स.) अल्लाहचा आश्रय मागत, आणि त्याचे कारणही त्यांनी सांगितले होते : कर्जात बुडालेला माणूस बोलताना खोटे बोलतो आणि दिलेले वचन मोडतो. स्वतःच्या मर्जीचा मालक व्हायचे म्हणून गाडी घेतली, आणि जी मर्जी पगारी चालक असतानाही थोडीफार शिल्लक होती तीच गेली, असे होऊ नये.

भाड्याविरुद्धचा एक आक्षेप मला खरा वाटतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पन्नाशीत कंबर जाते, डोळे अधू होतात, आणि ज्याने आयुष्यभर भाड्याच्या गाडीवर काढले त्याच्याकडे विकायला काहीच नसते. गाडी असती तर निदान दुसरा चालक ठेवून घर चालले असते. हे बरोबर आहे. म्हणूनच भाड्याच्या गाडीची वर्षे ही साठवण्याची वर्षे धरली पाहिजेत. गाडी उभी राहिली तर भाडे थांबते, ही सवलत ज्याला आहे, त्याने चांगल्या महिन्यातले पैसे बाजूला काढलेच पाहिजेत. त्याशिवाय भाड्याचा सल्ला म्हणजे गरिबाला गरीबच राहा असे सांगणे होईल, आणि तसे सांगण्याचा अधिकार मिंबरवर बसणाऱ्याला नाही.

साठवलेल्या पैशात मग जुनी गाडी घ्यावी, नवी नव्हे. आणि एकट्याने नव्हे. बहुतेक घरांत पहिली रक्कम कुठून येते? बायकोच्या दागिन्यांतून. ते सोने मोडताना किंवा गहाण टाकताना तिला विचारले जाते ते होकार गृहीत धरूनच. शरीअतमध्ये पत्नीचे सोने, तिची महर, ही तिचीच मालमत्ता आहे. नवऱ्याचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही. ती स्वखुशीने देत असेल तर ते कर्ज आहे की भागीदारी, हे लिहा. समजा गाडी १२ लाखांची आहे. तुमचे ३ लाख, पत्नीच्या सोन्याचे ३ लाख, आखातात नोकरीला असलेल्या भावाचे ६ लाख. तिघे मालक झालात : चौथा हिस्सा तुमचा, चौथा तिचा, निम्मा भावाचा. गाडी चालवण्यासाठी त्या दोघांचे हिस्से तुम्ही भाड्याने घ्या आणि दरमहा भाडे द्या. भागीदाराने भागीदाराचा हिस्सा भाड्याने घेणे हनफी मतानेही चालते. जमेल तसा भावाचा हिस्सा त्या वेळच्या रास्त किमतीने थोडा थोडा विकत घेत जा. हिस्सा वाढेल तसे भाडे घटेल. गाडी जळाली तर नुकसान ज्याच्या त्याच्या हिश्श्याने. भावाला हे मान्य नसेल, त्याला आपले ६ लाख कोणत्याही परिस्थितीत शाबूत हवे असतील, तर ते कर्ज आहे. मग त्याने भाड्याची आशा सोडावी. यातले काहीही अवघड नाही. अवघड आहे ते सख्ख्या भावाशी मुद्रांकाच्या कागदावर बोलणे. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि तीत नातेवाइकांचा अपवाद केलेला नाही.

दुसरी वाट म्हणजे मूळ मालकाकडूनच हप्त्याने गाडी घेणे. म्हातारा झालेला गाडीमालक आपल्या जुन्या चालकालाच गाडी देतो, असे आपल्याकडे घडते. रोख १० लाखांना विकली असती ती गाडी तो हप्त्याने ११ लाखांना देत असेल, तर चारही मजहबच्या बहुसंख्य आलिमांच्या मते ते विहित आहे. अट इतकीच, की किंमत करारावेळी एकदाच पक्की व्हावी आणि हप्ता चुकला म्हणून ती वाढू नये. मात्र लक्षात असू द्या, त्या दिवसापासून गाडी तुमची झाली. उद्या ती दरीत गेली तरी ११ लाख देणे आहेच. म्हणून ज्याच्याकडे दोन-तीन महिन्यांचे घरखर्च आणि एका टायर-जोडीचे पैसे बाजूला नाहीत, त्याने ही वाटही थोडी थांबून धरावी.

व्याजाशिवाय देणाऱ्या बँका आपल्या देशात का नाहीत, हा प्रश्न यानंतर येतोच. रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. तेव्हा वरच्या दारातून काही येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. प्रत्येक मोहल्ल्यात चार घरे अशी असतात, ज्यांचे पैसे नुसते पडून असतात आणि ज्यांना व्याज नको असते. त्यांनी मोहल्ल्यातल्या विश्वासू चालकाच्या गाडीत हिस्सा घ्यावा, नफ्याबरोबर तोटाही घ्यावा. ही जबाबदारी मी केवळ चालकावर ढकलत नाही. हराम टाळण्याचा उपदेश करणाऱ्या आणि हलाल वाटेला हात न लावणाऱ्या श्रीमंतांकडेही बोट जाते.

ज्यांनी आधीच व्याजी हप्त्यावर गाडी घेतली आहे, त्यांच्यासाठी थोडे. कर्ज बुडवून व्याजाचे पाप धुतले जात नाही. सही केली आहे, ते द्यावेच लागेल. गाडी गुपचूप विकू नका, चेसिस नंबराशी खेळ करू नका. हातात जास्तीची रक्कम आली तर ती दुसऱ्या गाडीच्या पहिल्या रकमेसाठी न ठेवता याच कर्जात भरा. हप्ता थकला आणि गुंड दारात आले, तर घाबरून किल्ली देऊ नका; वसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि कंपनीकडे मुदत मागा. शेवटचा हप्ता भरल्यावर ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन आर.टी.ओ.मधून आर.सी. पुस्तकावरचा बोजा उतरवून घ्या. हे काम अनेक जण वर्षानुवर्षे ठेवून देतात, आणि चालकाच्या मागे त्याची बायको ते कागद शोधत कचेरीच्या फेऱ्या मारते.